तिसरा प्रहर ओळखावा कसा?

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यावर प्रेम करावे असे त्यात फारसे काही नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घोटाळतो, दुपारी लू सुटते, बाड्यावरची गर्दी अकरा-साडेअकरालाच पांगते, आणि सूर्य रोहिणीत गेला की आमचे हिंदीभाषी शेजारी नौतप्याचे नऊ दिवस बोटांवर मोजू लागतात. परंतु याच ऋतूने या शहराला एक गोष्ट विनामूल्य दिली होती. ती म्हणजे रात्र. हिवाळ्यात आमच्याकडे धुके असते, पावसाळ्यात ढग असतात. उघडे आकाश मिळावयाचे ते उन्हाळ्यात, आणि घरात झोपणे अशक्य म्हणून सारे गाव त्या दिवसांत गच्चीवर असे. आकाश पाहावयास मुद्दाम कोणी जात नसे. पाठ टेकली की ते दिसेच.

आज तसे होत नाही. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. मी ज्योतिषी नाही, शास्त्रज्ञही नाही, गाणे शिकवितो. पण ही गोष्ट गाण्याच्या पोटातच आलेली असल्यामुळे ती बोलून दाखविण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

लष्करातील जुन्या वस्तीत ज्यांचे बालपण गेले त्यांना गच्चीची तयारी सांगावयास नको. दिवस मावळला की बादल्यांनी पाणी शिंपावयाचे. पहिल्या दोन बादल्या गच्ची नुसती पिऊन टाकी आणि वर वाफ सोडी. तिसऱ्या बादलीनंतर पाय ठेवता येई. मग खाटा, सतरंज्या, सुरई, मच्छरदाणीच्या काठ्या. प्रत्येकाची जागा ठरलेली. शेजारच्या गच्चीवरून गप्पा चालत, आणि त्यांत निम्मी मराठी, निम्मी हिंदी असे. म्हाताऱ्या बायका सप्तर्षींना ऋषी म्हणत नसत. ती म्हातारीची बाज. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे ती पळवू पाहणारे चोर. मधल्या चोराला चिकटून एक बारीक चांदणी असते, ती अरुंधती, आणि तो मधला चोर म्हणजे पंचांगातले वसिष्ठ! वसिष्ठांची अशी गत आमच्या बायकांनीच करावी, याची गंमत मला पुढे कळली. अरुंधती ज्या मुलाला दिसे त्याचे डोळे चांगले, असा तेव्हाचा निवाडा होता.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याखाली लष्कर वसविले, त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. तरी आमच्या घरांतून जूनच्या ७-८ तारखेला 'मृग लागला' असे म्हणून आभाळाकडे पाहण्याची चाल अजून गेलेली नाही. येथे मृगात पाऊस येत नाही. तो येतो आर्द्रात, जून संपता संपता. कोकण-देशावरचे ऋतुमान आपण भाषेबरोबर बांधून आणले आणि ते उत्तरेच्या या पठारावर दोन-तीन आठवडे लवकर वाजते. आणखी एक मौज अशी की, ज्या मृगाचे नाव तेव्हा तोंडी असते तो त्या दिवसांत आकाशात कुठेही सापडत नाही. सूर्यच त्याच्यापाशी असल्यामुळे तो दिवसा उगवतो व दिवसा मावळतो. मृग पाहावयाचा तो हिवाळ्यात. जूनच्या रात्री दिसतात ती त्याच्या समोरची नक्षत्रे, म्हणजे अनुराधा, ज्येष्ठा, मूळ.

ज्या वाचकांना या आठवड्यात गच्चीवर जाऊन पाहण्याची इच्छा होईल त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेस तोंड करावे. हात लांब करून मूठ वळली तर मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. ग्वाल्हेरचा अक्षांश २६ अंशांहून किंचित अधिक. तेव्हा क्षितिजापासून अडीच मुठी वर मोजल्या की ध्रुव सापडावा. तो फार तेजस्वी नसतो, अपेक्षाभंग होऊ देऊ नये. त्याच्या बराच वर सप्तर्षी असतात. बाजेच्या मागचे तीन चोर ज्या वळणाने उभे आहेत ते वळण तसेच पुढे नेले की एक पिवळसर तांबूस, ठळक तारा लागतो. ती स्वाती. वळण आणखी पुढे दक्षिणेकडे नेले की पांढरी चित्रा. चित्रेच्या उजव्या हाताला चार-पाच ताऱ्यांचा हस्त. रात्र चढली की आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो. आकाशातल्या फार थोड्या आकृती नावाप्रमाणे दिसतात, त्यांपैकी हा एक. त्याच्या छातीशी लाल ज्येष्ठा.

महिन्यांची नावे इथूनच आली. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेजवळ असतो, वैशाखीला विशाखेजवळ, ज्येष्ठीला ज्येष्ठेजवळ. शाळेत बारा महिने पाठ करून घेतात, पण त्यांतल्या तीन महिन्यांच्या धन्यांची गाठ उन्हाळ्याच्या एकाच रात्री, एकाच गच्चीवरून घालून देता येते, हे शाळेत कोणी सांगत नाही.

आता गाण्याकडे येतो. माझे वडील राजवाड्याच्या पदरचे गवई. संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते लहान होते. परंतु आजोबांची वाड्यातली सेवा पुढे त्यांच्याकडे आली, आणि मान व पैसा दोन्ही आटल्यावरही सणावारी बोलावणे येत राहिले. त्यांच्याजवळ घड्याळ होते. रियाझाला बसताना ते काढून कोनाड्यात ठेवीत. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर असू तेव्हा आपण कुठवर आलो हे ते मान वर करून ठरवीत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अभिजित माथ्यावर, जरासा उत्तरेकडे झुकून उभा राहिला की तीन वाजण्याचा सुमार. म्हणजे मालकंस मिटवावयाचा. मेच्या अखेरीस ज्येष्ठा नेमकी दक्षिणेस आली की मध्यरात्र, बिहाग सोडावयाचा. जूनच्या मध्यावर स्वाती डोक्यावर आली की नऊ. हा हिशेब त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. तानपुऱ्याच्या तारा जुळवून झाल्या की ते वरच्या तारा पाहत, एवढेच. दोहोंना मराठीत एकच शब्द आहे यावर ते कधी कोटी करीत नसत, म्हणून मीही करीत नाही.

हा अभिजित ज्या तारकासमूहात आहे त्याला मराठीत स्वरमंडळ म्हणतात, ही गोष्ट मात्र माझ्या विद्यार्थ्यांना मी हटकून सांगतो. चार तारांचा लहानसा तिरपा चौकोन आणि वर एक झगझगीत खुंटी. दुसरी एक गोष्टही मुलांना आवडते. स्वातीचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास सुमारे ३७ वर्षे लागतात. आज रात्री मला जी स्वाती दिसेल तिचा किरण निघाला त्या वेळी मी वडिलांपुढे मांडी घालून 'सा' लावीत होतो आणि तो लागत नव्हता.

परवा वर्गात एका मुलीने विचारले, "गुरुजी, मालकंस तिसऱ्या प्रहरी, असं पुस्तकात आहे. तिसरा प्रहर म्हणजे किती वाजता?" मी म्हणालो, "ढोबळमानाने बारा ते तीन." ती म्हणाली, "पण ओळखायचा कसा?"

प्रश्न लहान दिसतो. पण आमच्या विद्येचा केवढा तरी भाग त्यावर उभा आहे. भातखंड्यांनी रागांची मांडणी करताना समयाला जागा दिली. येथील माधव संगीत विद्यालय १९१८ साली निघाले ते त्यांच्याच पद्धतीवर, आणि राजाभैया पूछवाले यांच्यासारख्या गायकांनी ते नावारूपाला आणले. कृष्णराव शंकर पंडितांची गायकी याच गल्ल्यांतून घुमली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथून गाणे घेऊन दक्षिणेकडे गेले आणि त्यातून महाराष्ट्राचे ख्यालगायन उभे राहिले. ही सगळी मंडळी ज्या रात्रीत वाढली ती रात्र काळी होती. तिला उतार-चढाव होते. आज मालकंस सायंकाळी सहाच्या वर्गात, नळीच्या दिव्याखाली शिकविला जातो. त्याला इलाज नाही, मुलांच्या शाळा असतात. पण ज्या वेळेचा तो राग आहे ती वेळ दिसते कशी, हेही त्या मुलांना माहीत नसेल तर समय हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता उरतो.

प्रहर म्हणजे घड्याळाचे तीन तास नव्हेत, हेही इथे सांगितले पाहिजे. रात्रीचा प्रहर हा रात्रीचा चौथा हिस्सा. ग्वाल्हेरात जूनच्या मध्यावर रात्र सव्वादहा तासांच्या आसपास असते. तेव्हा प्रहर अडीच तासांवर थोडी मिनिटे एवढाच होतो. डिसेंबरात तोच सव्वातीन तासांच्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्यात रात्रीच्या रागांना जागा कमी आणि दिवसाच्या रागांना ऐसपैस. सारंगाला दुपार पुरून उरते, बिहागाला मात्र आटोपते घ्यावे लागते. समयसिद्धान्त खोटा आहे, सवयीने आलेला आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि दक्षिणेकडचे संगीत तो न पाळताही उत्तम चालले आहे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. परंतु पटतो की नाही हे ठरविण्यासाठी मालकंस एकदा तरी त्या वेळेला, त्या काळोखात ऐकावयास हवा. ती सोयच राहिली नाही तर वाद कशाच्या आधारावर घालावयाचा?

आकाश नाहीसे झालेले नाही. आपण त्याच्यापुढे पडदा ओढला आहे, आणि तो उजेडाचा आहे. पहिला दोष कूलरला व वातानुकूलनाला देण्याची पद्धत आहे. त्यांनी माणसांना गच्चीवरून खाली नेले हे खरे. पण ४५ अंशांत कोणी खोली थंड केली तर त्याला नावे ठेवण्याइतका मी कठोर नाही. डासांनीही आपला वाटा उचलला. तथापि आज जो हट्टाने गच्चीवर जाईल त्यालाही पूर्वीच्या चांदण्यांतल्या मूठभरच दिसतात. रस्त्यांवरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. वीज वाचली, चांगले झाले. पण पांढऱ्या उजेडातला निळा अंश हवेत अधिक विखुरतो, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळी हवेत तर धूळ कायमचीच भरलेली. शहरावर राखी रंगाचा घुमट उभा राहतो आणि त्याच्या आत आपण. लग्नांचे मांडव, दुकानांच्या पाट्या, जुन्या इमारतींच्या भिंतींवर खालून वर सोडलेले झोत, या सगळ्यांची त्यात भर.

याला पुरावा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे पाहून पाठविलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी तपासल्या होत्या. २०११ ते २०२२ या काळात आकाश वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या जवळपास उजळत गेले, असे त्यांतून निघाले. या वेगाने जेथे मूल जन्मताना २५० तारे दिसत, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरही दिसणार नाहीत. माझ्या वर्गातली मोठी मुले नेमकी त्याच वयाची आहेत.

यावर लगेच कोणी म्हणेल, दिवे मालवून चोरांचे फावेल. रात्री कामावरून परतणाऱ्या बायकांनी अंधारात ठेचा खात यावे काय? मुळीच नाही. माझी धाकटी बहीण रुग्णालयातली पाळी संपवून रात्री साडेदहाला घरी येते, आणि तिच्या वाटेवरचा एकही दिवा कमी व्हावा असे मी म्हणणार नाही. मात्र जो उजेड दिव्यातून वर जातो तो कोणाच्याही पायाखाली पडत नाही. दिव्यावर टोपी बसवून त्याचे तोंड खाली केले तर रस्ता अधिक उजळतो आणि डोळे कमी दिपतात. नागपूरच्या उत्तरेस पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला २०२४ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय मान्यतेचे काळोखे आकाश-उद्यान म्हणून मान मिळाला, तो आसपासच्या गावांतले दिवे असेच खाली वळवून. लडाखातील हानले येथे २०२२ साली आकाशासाठी राखीव प्रदेश जाहीर झाला. गावे तिथेही आहेत, बायका तिथेही रात्री घराबाहेर पडतात.

आणि आपले शहर काही या विषयात नवखे नाही. उज्जयिनी ग्वाल्हेर संस्थानात होती. तिथे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, माळव्याचा सुभेदार असताना वेधशाळा बांधली. ती पुढे ओस पडली. माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला आणि तिच्यात पुन्हा वेध घेतले जाऊ लागले. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी गणिती तिथे काम पाहत होता. सम्राट यंत्राच्या भिंतीवर चढून मी एकदा ध्रुवाच्या रोखाने नजर लावली आहे. दिवस होता, दिसण्यासारखे काही नव्हते, तरी दगडाची ती तिरकी धार कुठे बोट दाखविते आहे हे कळून अंगावर काटा आला. २१ जूनला माध्यान्ही तिथे शंकूची सावली जवळजवळ पुरती नाहीशी होते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे आमच्या नशिबी तो योग नाही. संस्थानी काळाचे पोवाडे गाण्याचा माझा विचार नाही. राजाची मर्जी फिरली की गवयाचा तनखा बंद होई, हे आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. पण आकाश ही सांभाळण्याची वस्तू आहे, तिच्यावर दौलतीचा पैसा खर्चावा, एवढे त्या काळाला समजले होते.

किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. लोक घाम पुसत पुढे जातात. त्याच्यातल्या शिलालेखात, विक्रम संवत ९३३ म्हणजे इसवी ८७६, फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप आहे : २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. त्या २७० मधले आणि ५० मधले वाटोळे शून्य पाहावयास जगातून गणिती येतात. ग्रहांच्या गती मोजण्याचा खटाटोप ज्या देशात चालला होता, त्या देशातले आकडे कसे लिहिले जात हे एका माळ्याच्या हिशेबात टिकून राहिले. या दगडाच्या खाली वसलेल्या शहरातल्या मुलांना सप्तर्षी दाखविता येऊ नयेत!

शहराबाहेर पडले तर अजून बरेच हाती लागते. तिघऱ्याचे धरण वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसविलेल्या स्वयंचलित दरवाज्यांच्या धर्तीचे दरवाजे इथेही बसले, म्हणून पुण्याच्या पाहुण्यांना ते आपलेसे वाटते. पाण्याच्या कडेने आकाश निम्मे खाली दिसते. मुरैना जिल्ह्यात मितावलीचे चौसष्ट योगिनी मंदिर चाळीसएक किलोमीटरवर. टेकडीवर वाटोळे, मध्ये उघडे अंगण. सूर्याच्या भ्रमणावरून ज्योतिष आणि गणित तिथे शिकवीत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जागा तिला शोभेशी आहे. मंदिरात अंधार पडल्यावर जाता येत नाही, पण खालच्या शेतांतून वृश्चिक उगवताना पाहावा. शिवपुरीच्या रस्त्याने घाटीगावच्या पुढे गेले की दक्षिणेकडचे क्षितिज बऱ्यापैकी काळे मिळते. मेच्या मध्यावर रात्री सव्वानऊच्या सुमारास तिथे त्रिशंकू शोधावा. त्याचा वरचा तारा आपल्याकडे क्षितिजापासून मुठीहून कमी उंचीवर येतो, आणि खालचा क्षितिजाला घासून धुळीत बुडतो. पुण्यात तो चारी ताऱ्यांनिशी दिसतो, म्हणून तिकडच्या नातलगांना त्याचे अप्रूप नाही. आमच्याकडे अर्धा त्रिशंकू दिसला तरी पेढे वाटावेत.

सगळ्यांत चांगले आकाश दिसते ते आंधी येऊन गेल्यावर. गेल्या वर्षी मेअखेरीस एका संध्याकाळी मोठी आंधी आली, चार थेंब पडले, आणि सबंध भागातली वीज गेली. ती तासाभराने आली असेल. धूळ खाली बसली होती. घराघरांतून माणसे उकाड्याला कंटाळून गच्चीवर आली, आणि काही वेळाने वीज कंपनीला बोल लावणे थांबले. पलीकडच्या गच्चीवर एक वृद्ध गृहस्थ नातवाला बाज दाखवीत होते, तो मुलगा पुनःपुन्हा विचारीत होता, "हे रोज असतं?" दिवे आले तेव्हा सवयीप्रमाणे टाळ्या वाजल्या. त्या नेहमीपेक्षा जरा कमी वाजल्या असे मला वाटले. कदाचित मला तसे वाटावयास हवे होते.

ज्यांच्या हाती शहराच्या दिव्यांची कळ आहे त्यांच्याकडे माझे मागणे फार मोठे नाही. चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत, रात्री दहानंतर, शोभेचे दिवे आणि वर सोडलेले झोत बंद असावेत, रस्त्यावरचे नव्हेत. नवे दिवे बसविताना त्यांना टोपी असावी व रंग पिवळसर असावा. जुने जसे जळतील तसे बदलावेत, म्हणजे वेगळा खर्च नाही. आणि उन्हाळ्यातल्या तीन अमावास्यांना किल्ल्यावरचा व बाड्यावरचा शोभेचा उजेड तासभर मालवावा. पर्यटन बुडेल असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, परगावची माणसे पैसे मोजून लडाखपर्यंत जातात ती काळोख पाहण्यासाठीच. मानसिंग तोमराचा राजवाडा चांदण्याच्या उजेडात कसा दिसतो, हे गावातल्या किती जणांनी पाहिले आहे?

शाळांनी आणि संगीतवर्गांनी या कामी कोणाची वाट पाहू नये. परवानगी लागत नाही. एक गच्ची लागते, आणि ती भोवतालच्या दिव्यांच्या वर असली म्हणजे झाले. आमच्या वर्गाची दुमजली इमारत पुरेशी उंच आहे. पलीकडच्या मिठाईवाल्याला विनंती केली, त्याने आपली पाटी साडेनऊला बंद करण्याचे कबूल केले. 'सरदारजी का ढाबा' मात्र अजून ऐकत नाही.

तेव्हा येत्या अमावास्येला आमचा वर्ग गच्चीवर भरेल. नऊला सुरुवात. यमन आधीच होऊन जाईल, स्वाती पाहून बिहाग घेऊ, आणि ज्यांच्या घरून हरकत नसेल त्यांच्यासाठी ज्येष्ठा दक्षिणेस आल्यावर मालकंस. प्रहर कधी बदलला हे मी सांगणार नाही; ते मुलांनी सांगावयाचे आहे. पालकांना येण्यास मोकळीक आहे. सतरंज्या आमच्या आहेत. पाणी ज्याचे त्याने आणावे, आणि मोबाइल खाली, चपलांपाशी ठेवून यावे.